जहाजावरचा कचरा: पहिल्यांदा बोटीवर जाणाऱ्यांसाठी

तळेगावजवळच्या इंदोरीत, लोणी काळभोरला, लोणावळ्यात शिकून दरवर्षी कितीतरी मुलंमुली जहाजावर रुजू होतात. घाटावर राहून समुद्राची नोकरी धरणाऱ्या या मुलांची तयारी चांगली असते. नकाशे येतात, इंजिन समजतं, गाठी मारता येतात. पण जहाजावर चढल्यावर पहिल्याच आठवड्यात जी कामं हातात येतात, त्यांत कचऱ्याचं काम हमखास असतं, आणि त्याबद्दल वर्गात फार तर एक-दोन तास झालेले असतात. हे काम खालच्या दर्जाचं आहे असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. जहाजावर कायदा थेट नवख्या माणसाच्या हातातून पाळला जातो किंवा मोडला जातो, अशी कामं थोडी आहेत. त्यांतलं हे एक.

आधी नियमाची दिशा समजून घ्या

जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे मारपोल. त्याचं पाचवं परिशिष्ट कचऱ्याबद्दल आहे. जहाजावर सगळे त्याला ॲनेक्स फाइव्ह म्हणतात. ते ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू झालं. सुरुवातीच्या नियमांत प्लास्टिकला पूर्ण बंदी होती, पण कागद, काच, डबे, चिंध्या अशा बऱ्याच गोष्टी किनाऱ्यापासून ठराविक अंतरावर टाकायला परवानगी होती. १ जानेवारी २०१३ पासून सुधारित नियम आले आणि दिशाच उलटली. आता मूळ नियम असा: कचरा समुद्रात टाकायचा नाही. ज्या मोजक्या गोष्टींना सूट आहे, ती अटींसह लिहून दिलेली आहे.

हा फरक डोक्यात पक्का बसला की अर्धं काम झालं. ‘हे टाकायला मनाई आहे का?’ असं विचारू नका. ‘हे टाकायला परवानगी कुठे लिहिली आहे?’ असं विचारा. उत्तर सापडलं नाही तर ती वस्तू डब्यातच राहील. अजूनही काही जुने हात सांगतात, ‘काच काय, बुडून जाते.’ त्यांनी शिकलं तेव्हा नियम तसा होता, आता तो नाही. काच, पत्र्याचे डबे, कागद, पुठ्ठा, चिंध्या, इन्सिनरेटरची, म्हणजे कचरा जाळायच्या भट्टीची, राख, तळणाचं तेल यांतलं काहीही कुठल्याही अंतरावर समुद्रात जात नाही.

पुण्यातून निघतानाच कचरा कमी करा

बॅग भरण्यापासून सुरुवात करा. नवीन शर्टांच्या पिशव्या, कॉलरखालचे प्लास्टिकचे तुकडे, टाचण्या, चार्जरची खोकी, साबणाची वेष्टनं हे सगळं घरीच काढून सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात द्या. पुण्यात ते ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंच्या हातात जाईल आणि त्यातलं बरंचसं पुन्हा वापरात येईल. तेच वेष्टन जहाजावर उघडलंत, तर ते पुढचं बंदर येईपर्यंत तुमच्या सोबत राहील, आणि त्या बंदरात कचरा घेण्याची सोय कशी असेल ते तिथे गेल्यावरच कळेल.

छोट्या पुड्या, म्हणजे शांपूचे, सॉसचे, कॉफीचे सॅशे, अजिबात नेऊ नका. ते वाऱ्याने उडतात, जेवणाच्या ताटात राहून जातात आणि खरकट्यातून वेचून काढायला फार त्रास देतात. घरचा चिवडा, लाडू स्टीलच्या डब्यात न्या. मात्र ज्या देशात जहाज पकडायचं आहे तिथे खाण्याचे पदार्थ विमानतळावर जाहीर करावे लागतात का, ते एजंटकडून आधी विचारून घ्या. साबण वडीचा घ्या. पाण्याची एक चांगली बाटली न्या. भारतीय जहाजांवर एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर नौवहन महासंचालनालयाने २०१९ मध्ये आदेश काढून बंदी आणली आहे, त्यामुळे असल्या वस्तू तिथे निघाल्या तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी बघून ठेवा

सुरक्षेची ओळख करून देताना अग्निशामक, लाइफबोट, अलार्म दाखवतातच. त्याच फेरीत कचऱ्याच्या तीन गोष्टी स्वतः विचारून बघा.

पहिली, फलक. १२ मीटर किंवा त्याहून लांब प्रत्येक जहाजावर कचऱ्याच्या नियमांचे फलक लावणं बंधनकारक आहे. गॅलीत (स्वयंपाकघरात), मेसमध्ये (जेवणाच्या खोलीत), डेकवर, डबे ठेवलेल्या जागी ते दिसतील. येता-जाता नजर पडणारी गोष्ट म्हणून सोडू नका, एकदा उभं राहून पूर्ण वाचा.

दुसरी, गार्बेज मॅनेजमेंट प्लॅन. १०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकाराचं माप) आणि त्यावरच्या, तसंच १५ किंवा जास्त माणसं नेण्याचा दाखला असलेल्या जहाजांवर हा लिखित आराखडा असावाच लागतो, आणि तो खलाशांच्या कामकाजाच्या भाषेत असावा लागतो. कचरा कमी कसा करायचा, गोळा कुठे करायचा, साठवायचा कसा, यंत्रं कशी वापरायची आणि या सगळ्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात असतं. जबाबदार अधिकारी बहुतेक जहाजांवर चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, असतो. ‘सर, मला प्लॅन वाचायचा आहे’ असं म्हणणाऱ्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ मुलाला, कोणी हसत नाही, उलट चीफ ऑफिसर त्या मुलाला लक्षात ठेवतो.

तिसरी, डबे. ते कुठे आहेत, कोणत्या रंगाचे आहेत, झाकणं बांधलेली आहेत का. रंग सगळ्या जहाजांवर सारखे नसतात. मागच्या जहाजावर प्लास्टिकचा डबा लाल होता म्हणून इथेही असेल असं धरू नका. रंगापेक्षा डब्यावरचं नाव वाचा.

वेगळं करणं

पुण्यात ओला, सुका आणि घातक असे कचऱ्याचे भाग करायची सवय बऱ्याच घरांत आहे. जहाजावर हेच काम अधिक बारकाईने करायचं असतं. नियमात प्रत्येक प्रकाराला इंग्रजी अक्षर आहे: ए म्हणजे प्लास्टिक, बी अन्न, सी राहण्याच्या जागेतला घरगुती कचरा, डी खाद्यतेल, ई इन्सिनरेटरची राख, एफ जहाजाच्या कामातून निघालेला कचरा, जी मेलेली जनावरं, एच मासेमारीची साधनं आणि आय इलेक्ट्रॉनिक कचरा. जे आणि के हे मालाच्या उरलेल्या अवशेषांसाठी: समुद्राला अपाय न करणारे ते जे, अपाय करणारे ते के. ही अक्षरं पाठ करा, कारण नोंदवहीत तीच लिहायची असतात.

सगळ्यात जास्त घोटाळा प्लास्टिकमध्ये होतो. प्लास्टिक म्हटलं की आपल्याला पिशव्या आणि बाटल्या आठवतात. पण नायलॉनचा, पॉलिप्रॉपिलीनचा तुटलेला दोर हेही प्लास्टिकच आहे. थर्माकोल, पट्टीने बांधलेल्या खोक्याची ती पांढरी पट्टी, फळावरचं स्टिकर, काही चहाच्या पुड्या, पेपर कपाच्या आतला पातळ थर, रंगाचा रोलर, सिगारेटचं फिल्टर, हे सगळं प्लास्टिकमध्ये येतं. सिगारेटचं थोटूक कठड्यावरून भिरकावणं म्हणजे समुद्रात प्लास्टिक टाकणं. शिवाय वारा ते परत डेकवर आणून टाकतो, आणि टँकरवर त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

एक कलम कधी विसरू नका. वेगवेगळ्या प्रकारचा कचरा एकत्र मिसळला, तर त्यातल्या सर्वांत कडक नियमाचा अंमल सगळ्यावर होतो. वीस किलो खरकट्यात एक सॅशे पडला, तर ते सगळं खरकटं नियमाच्या दृष्टीने प्लास्टिकच्या पंक्तीत बसतं. ते समुद्रात टाकता येत नाही. मग एक तर हाताने वेचा, नाहीतर सगळं साठवून बंदरात द्या.

मुलींसाठी एक गोष्ट इथे लिहायलाच हवी, कारण जहाजावर ती सहसा कोणी सांगत नाही. सॅनिटरी पॅडमध्ये प्लास्टिकचा थर असतो. ते टॉयलेटमध्ये टाकायचं नाही. जहाजावरची निर्वात पद्धतीची टॉयलेटं एका पॅडने तुंबतात आणि पूर्ण मजल्याची लाइन बंद पडते. कागदात नीट गुंडाळून झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवा. पुण्यात कचरावेचक ताईंसाठी अशा पुडीवर लाल ठिपका काढायची रीत आहे, ती जहाजावरही चालू ठेवा, म्हणजे डबा हाताळणाऱ्याला कळतं. असा डबा तुमच्या केबिनमध्ये नसेल तर चीफ ऑफिसरकडे मागा. ही मागणी संकोचाने करण्याची नाही, आराखड्यात तिची सोय असायलाच हवी.

गॅली

कचऱ्याचं मुख्य केंद्र गॅली. चीफ कुकशी तुमचं जमलं तर अर्ध्या अडचणी उद्भवतच नाहीत. जेवून झाल्यावर ताट खरवडायच्या आधी त्यातलं प्लास्टिक, कागदी रुमाल, दात कोरायच्या काड्या बाजूला काढायच्या. हाडं वेगळ्या डब्यात, कारण बऱ्याच ग्राइंडरची पाती मोठ्या हाडांनी खराब होतात. उरलेलं अन्न ग्राइंडरमध्ये. दळून निघालेला लगदा २५ मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेल्या जाळीतून जायला हवा, तरच ते नियमाप्रमाणे दळलेलं अन्न.

तळणाचं तेल बेसिनमध्ये ओतू नका. ते वेगळ्या पिंपात साठवतात आणि इंजिन विभाग ते इन्सिनरेटरमध्ये जाळतो किंवा बंदरात देतो.

अन्नातून प्लास्टिक जाऊ देणं ही किरकोळ बाब वाटत असेल, तर हे वाचा. कार्निव्हल ही जगातली फार मोठी क्रूझ कंपनी. २०१६ मध्ये तिच्या प्रिन्सेस क्रूझेस या उपकंपनीने तेलकट पाणी समुद्रात सोडल्याच्या प्रकरणात अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. पुढे देखरेखीच्या काळातल्या अटी मोडल्याबद्दल २०१९ मध्ये आणखी २ कोटी डॉलर भरावे लागले. त्या वेळच्या आरोपांत बहामाच्या पाण्यात अन्नाबरोबर प्लास्टिक सोडल्याचाही समावेश होता. ताटातलं प्लास्टिक वेचलं न जाणं तिथे न्यायालयापर्यंत पोहोचलं.

समुद्रात टाकण्याआधी: जहाज आत्ता कुठे आहे?

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे. कचऱ्याची बादली हातात घ्यायच्या आधी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, फोन करा आणि ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या. तोच सांगू शकतो की जहाज किनाऱ्यापासून किती दूर आहे, चालू आहे की थांबलं आहे, आणि कोणत्या क्षेत्रात आहे. डोळ्यांना किनारा दिसत नाही हा पुरावा नव्हे.

साध्या समुद्रात अन्नाचे नियम असे. दळलेलं अन्न जवळच्या जमिनीपासून किमान ३ सागरी मैलांवर टाकता येतं. न दळलेलं किमान १२ सागरी मैलांवर. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे १२ मैल साधारण २२ किलोमीटर. दोन्ही वेळी जहाज चालतं असायला हवं. नांगरावर उभं असलेलं जहाज कितीही दूर असो, तिथे परवानगी नाही. आणि ही किमान अंतरं आहेत. जितकं दूर जमेल तितकं दूर जाऊन टाकावं हाच नियमाचा कल आहे.

आता विशेष क्षेत्रं. भूमध्य समुद्र, बाल्टिक, काळा समुद्र, तांबडा समुद्र, आखाती क्षेत्र, उत्तर समुद्र, अंटार्क्टिका आणि कॅरिबियन हे भाग पाचव्या परिशिष्टात विशेष क्षेत्रं म्हणून नोंदलेले आहेत. यांतल्या ज्या क्षेत्रांत हे नियम प्रत्यक्ष लागू झाले आहेत, तिथे अन्न टाकायचं तर ते दळलेलंच असलं पाहिजे आणि किमान १२ मैलांवर. न दळलेल्या अन्नाला तिथे जागाच नाही. तांबड्या समुद्रात हे कडक नियम १ जानेवारी २०२५ पासून प्रत्यक्ष लागू झाले, त्यामुळे जुन्या फलकावर किंवा जुन्या नोट्समध्ये ते नसण्याची शक्यता आहे. नोट्सची झेरॉक्स सीनियरकडून घेतली असेल तर आधी तारीख बघा.

आपल्या मुलांना याची गाठ बहुतेक आखाताच्या वाटेवर पडते. समजा जहाज न्हावा-शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला निघालं. बंदरात आणि बाहेरच्या नांगरावर काहीच टाकायचं नाही. खुल्या अरबी समुद्रात, १२ मैलांपलीकडे, जहाज चालू असताना अन्न टाकता येईल. पण ओमानमधलं रास अल हद्द आणि इराणच्या किनाऱ्यावरचं रास अल फस्तेह यांना जोडणारी रेषा ओलांडली की आखाती क्षेत्र सुरू होतं. ओमानचं आखात आणि फुजैराह बंदरही त्याच्या आत येतात. बरेच जण समजतात की होर्मुझच्या सामुद्रधुनीपलीकडेच आखात. तसं नाही, नियम त्याच्या खूप आधी बदलतो. ही रेषा कधी येणार ते सेकंड ऑफिसरला विचारून आदल्या दिवशी मेसच्या फळ्यावर लिहून ठेवा. चीफ कुकला त्याचा फार उपयोग होतो.

पुरवठा जहाजांवर, म्हणजे मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या वाऱ्या करणाऱ्या बोटींवर, नोकरी लागली असेल तर आणखी एक: तेलाच्या फलाटाशेजारी किंवा त्याच्यापासून ५०० मीटरच्या आत काहीही टाकता येत नाही. अपवाद फक्त दळलेल्या अन्नाचा, तोही फलाट जमिनीपासून १२ मैलांहून दूर असेल तर.

मेलेल्या जनावरांचा नियम जनावरं नेणाऱ्या जहाजांपुरताच लागतो. तिथे अंतर १०० सागरी मैलांहून जास्त हवं, म्हणजे रस्त्याने पुणे-मुंबईपेक्षाही लांब, आणि विशेष क्षेत्रात पूर्ण मनाई.

परवानगी मिळाल्यावरही रात्री, खराब हवेत एकट्याने पूप डेकवर, म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाला, जाऊ नका. वारा कुठून आहे ते बघा आणि वाऱ्याच्या तोंडावर टाकू नका, नाहीतर सगळं अंगावर येईल. ही शिस्त स्वच्छतेइतकीच जिवाची आहे.

डेकवर आणि इंजिनरूममध्ये

गंज खरवडून रंग देण्याचं काम नवख्यांच्या वाट्याला भरपूर येतं. खरवडताना उडणाऱ्या कपच्या आणि रंगाचे पापुद्रे हा कामाचा कचरा, म्हणजे एफ. खाली ताडपत्री अंथरा, काम संपल्यावर झाडून पोत्यात भरा, आणि मगच डेक धुवा. झाडण्याआधी पाण्याची नळी सुरू केलीत तर सगळं स्कपरमधून, म्हणजे डेकच्या कडेच्या भोकांतून, समुद्रात जातं. डेक आणि होल्ड (माल ठेवायची जागा) धुतलेल्या पाण्यात साबण असेल तर तो समुद्राला अपाय न करणारा असावा लागतो, आणि त्याचा दाखला चीफ ऑफिसरकडे असतो.

तेलकट चिंध्या साध्या डब्यात ढिगाने ठेवू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाचा धातूचा डबा वापरा, आणि तो वेळच्या वेळी रिकामा करा. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, जुने चार्जर, रेडिओचे सुटे भाग यांचा वेगळा डबा. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्या फोडायच्या नाहीत. मुदत संपलेले फ्लेअर, म्हणजे संकटात इशारा द्यायचे दारूचे दिवे, हा कचरा म्हणून हाताळायचाच विषय नाही. त्यांना हात न लावता थर्ड ऑफिसरला सांगा.

सुटा माल नेणाऱ्या जहाजावर होल्डमध्ये माल उरतो. धान्य, कोळसा, खत, खनिज. तो जे की के हे माल देणाऱ्याने आधी जाहीर केलेलं असतं. के असेल तर तो झाडून बंदरातच द्यायचा, धुण्याच्या पाण्यातूनही तो समुद्रात जाऊ द्यायचा नाही. हे ठरवण्याची जबाबदारी कॅडेटची नाही, पण झाडू कॅडेटच्या हातात असतो. म्हणून कोणता माल होता ते माहीत करून घ्या.

इन्सिनरेटर

इन्सिनरेटर इंजिन विभाग चालवतो आणि प्रशिक्षण झालेल्या माणसानेच तो चालवायचा असतो. तुम्ही मदतीला असाल. तिथे नुसतं उभं राहून बघण्यातूनही बरंच शिकता येतं. भट्टी पुरेशी तापल्याशिवाय कचरा अर्धवट जळतो आणि विषारी वायू निघतात. म्हणून सतत कचरा घालायच्या भट्टीत धुराचं तापमान ८५० अंश सेल्सियसच्या खाली असताना कचरा घालायचा नसतो.

काय जाळायचं नाही याची यादी मारपोलच्या सहाव्या परिशिष्टात आहे: पीसीबी ही विषारी रसायनं, अंशापेक्षा जास्त जड धातू असलेला कचरा, तेल-रसायनांच्या मालाचे अवशेष आणि त्यांची दूषित वेष्टनं, हॅलोजन असलेली शुद्ध केलेली पेट्रोलियम उत्पादनं. पीव्हीसी फक्त त्यासाठी मान्यता मिळालेल्या इन्सिनरेटरमध्येच जाळता येतं. याशिवाय स्प्रेचे बंद डबे, बॅटऱ्या आणि काच कधीही आत जाऊ देऊ नका, स्फोट होतो किंवा भट्टी बिघडते. पोतं आत जाण्यापूर्वी ते कोणी भरलं आणि त्यात काय आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पुष्कळ बंदरांत जाळण्यावर बंदी असते.

राख थंड झाल्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, पिंपात. ती समुद्रात जात नाही.

गार्बेज रेकॉर्ड बुक

ही नोंदवही म्हणजे कायदेशीर कागद. पूर्वी ती ४०० ग्रॉस टनेजपासून पुढच्या जहाजांना लागू होती. १ मे २०२४ पासून ती मर्यादा १०० वर आली आहे. त्यामुळे छोट्या जहाजांवरही आता ती असते. तिचे दोन भाग आहेत: पहिल्यात रोजचा कचरा, दुसऱ्यात मालाचे अवशेष.

प्रत्येक वेळी समुद्रात टाकलं, जाळलं किंवा बंदरात दिलं की नोंद होते. तारीख, वेळ, जहाजाचं स्थान अक्षांश-रेखांशात, कचऱ्याचं अक्षर, अंदाजे घनफळ घनमीटरमध्ये आणि जबाबदार अधिकाऱ्याची सही. पान भरलं की खाली कप्तानाची सही. जाळायला सुरुवात केली ती वेळ आणि स्थान, थांबवलं ती वेळ आणि स्थान, दोन्ही लिहायचं. शेवटच्या नोंदीनंतर वही किमान दोन वर्षं जहाजावर ठेवायची असते.

घनमीटर म्हटलं की मुलं गोंधळतात. १,००० लिटर म्हणजे एक घनमीटर. म्हणून २० लिटरची भरलेली बादली ०.०२, आणि २०० लिटरचं पिंप ०.२. तुमच्या जहाजावरच्या प्रत्येक डब्यावर त्याचं लिटरमधलं माप रंगवून घ्या, म्हणजे रोज नवा अंदाज करावा लागत नाही. दाबयंत्रातून काढल्यावर घनफळ कमी होतं, तेव्हा दाबण्याआधीचं लिहायचं की नंतरचं, हे चीफ ऑफिसरकडून एकदाच ठरवून घ्या आणि सगळ्यांनी तसंच लिहा.

सही तुमची नसते, पण आकडा तुम्ही दिलेला असतो. म्हणून काम झाल्यावर लगेच कागदावर टिपून ब्रिजवर द्या, चार दिवसांनी आठवून नाही. ‘रोज सकाळी सहा वाजता ०.०१’ अशी एकसारखी ओळ पानभर लिहिलेली असली की तपासनीस तिथेच थांबतो. माणसं कमी-जास्त जेवतात, हवा खराब असते, जहाज विशेष क्षेत्रात असतं, मग आकडा रोज सारखा कसा? तो वहीतलं स्थान आणि लॉगबुकमधलं स्थान शेजारी ठेवून बघतो. चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. पांढरी शाई कधीही वापरू नका. अपघाताने काही समुद्रात पडलं, तर तेही लिहायचं असतं, का आणि कसं पडलं यासह. आणि जीव किंवा जहाज वाचवण्यासाठी काही टाकावं लागलं तर त्याला नियमात सूट आहे, पण नोंदीतून सूट नाही.

बंदरात देताना

बंदर येण्याआधी किती आणि कोणता कचरा द्यायचा आहे हे जहाज एजंटमार्फत कळवतं. तुमचं काम तो कचरा वर्गवारी करून, पिशव्या बांधून, तयार ठेवणं. देताना किती पिशव्या गेल्या ते स्वतः मोजा. पावती घेतल्याशिवाय गाडी किंवा बार्ज सोडू नका. ती पावती नोंदवहीबरोबर राहते आणि त्यावरचा आकडा वहीशी जुळला पाहिजे.

काही देश अन्नाच्या कचऱ्याबद्दल फार दक्ष आहेत, कारण त्यातून जनावरांचे आणि पिकांचे रोग पसरतात. ऑस्ट्रेलिया त्यांतला एक. अमेरिकेत असा कचरा घट्ट झाकणाच्या, न गळणाऱ्या भांड्यात आणि कठड्याच्या आत ठेवावा लागतो. कठड्याला बाहेरून लटकवलेली पिशवी पाहिली की तिथला अधिकारी थेट नोंद करतो. किनाऱ्यावरचा पक्षी पिशवी फोडताना दिसला तरी प्रश्न येतो. बंदराच्या आदल्या रात्री सगळी झाकणं एकदा फिरून बघा.

तपासणीला आलेला अधिकारी फक्त कागद बघत नाही. खलाशांना कामाची पद्धत माहीत नाही असं त्याला वाटलं तर तो आणखी खोलात तपासू शकतो. आणि प्रश्न विचारायला तो बहुधा सगळ्यात नवा माणूस निवडतो: ‘ही बाटली कुठे टाकशील? आत्ता अन्न टाकता येईल का? कोणाला विचारशील?’ उत्तर हिंदीत, मोडक्या इंग्रजीत दिलंत तरी चालेल. पण खरं द्या आणि माहीत नसेल तर ‘मी चीफ ऑफिसरला विचारतो’ असं सांगा.

कोणी चुकीचं सांगितलं तर

‘टाक रे पाण्यात, कोण बघतंय’ हे वाक्य तुम्हाला कधी ना कधी ऐकू येईल. बोलणारा वयाने, हुद्द्याने मोठा असेल. वाद घालू नका. ‘सर, ब्रिजला विचारून टाकतो’ एवढंच म्हणा आणि खरोखर विचारा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो, कारण ब्रिजवरच्या माणसाला आपल्या सहीची काळजी असते.

तरीही दबाव आला तर आधी बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), मग चीफ ऑफिसर, मग कप्तान असं जा. तिथेही दार बंद झालं तर कंपनीने नेमलेली किनाऱ्यावरची जबाबदार व्यक्ती असते, जहाजावर तिला डीपीए म्हणतात, आणि तिचा फोन नंबर व ईमेल सगळ्यांना दिसेल असा लावलेला असतो. जहाजावर चढल्याच्या दिवशीच तो आपल्या डायरीत उतरवून घ्या. तारीख, वेळ, स्थान, काय टाकलं, कोणी सांगितलं हे त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. ऐकीव गोष्टी त्यात घालू नका, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. समुद्रात कचरा टाकल्याचं प्रकरण अमेरिकन न्यायालयात सिद्ध झालं, तर माहिती देणाऱ्याला दंडाच्या अर्ध्यापर्यंत रक्कम देण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. १९९३ मध्ये एका क्रूझ जहाजावरून कचऱ्याच्या पिशव्या टाकताना व्हिडिओ काढणाऱ्या प्रवासी दाम्पत्याला अशी रक्कम मिळाली होती. बक्षिसासाठी कोणी जहाजावर जात नाही, पण मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असण्याच्या कितीतरी आधी हे घडलं, एवढं वरिष्ठांना अदबीने सांगता येतं.

करार संपून उतरताना तुमच्या जागी येणाऱ्या मुलाला डबे, ग्राइंडरची जाळी, डब्यांची मापं आणि पुढच्या विशेष क्षेत्राची रेषा एवढं दाखवून या. केबिनमधला कचरा स्वतः वेगळा करून त्या-त्या डब्यात टाका, आणि ज्या पिशव्या अजून बंदरात द्यायच्या राहिल्या आहेत त्यांची यादी चीफ ऑफिसरच्या हातात द्या.